बोरश्यांना अंथरूण लागत नाही

आमच्या धरणगावच्या बोरसे घराण्याकडे मिरवावी इतकी जमीन नाही, मिरवावं इतकं शिक्षण नाही, आणि रूपाबद्दल न बोललेलंच बरं. पण मिरवल्याशिवाय बोरसे राहत नाहीत. म्हणून आमच्या पुरुषांनी मिरवायला मरण निवडलं.

आजोबा कपाशीच्या वावरात गेले, डोक्यावरचं पागोटंसुद्धा हललं नाही म्हणतात. चुलते ग्रामसभेत ठरावाला विरोध करायला उभे राहिले आणि विरोध अर्ध्यावर टाकून गेले. मग तो ठराव एकमताने मंजूर झाला. वडील जिनिंग कारखान्याच्या वजनकाट्यावर कपाशीची गाडी चढवता चढवता गेले. एकालाही दवाखाना माहीत नाही, कुणी सुनेच्या हातून पाणी मागितलं नाही. लोक म्हणायचे, पुण्यवान माणसं. आणि लोकांनी एकदा म्हटलं की आमचे लोक ते दहा वेळा म्हणणार.

मी कोकिळा. माहेरची बोरसे, सासर धुळ्याचं. धुळ्यातच शाळेत मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाले. वय सहासष्ट. शाळेतली पोरं म्हणायची, बाईंचा आवाज आधी येतो आणि बाई मागून येतात. माझा थोरला भाऊ अभिमन, त्याला आम्ही सगळे आबा म्हणतो. धाकटा प्रेमराज, रेल्वेत गार्ड होता, आता जळगावात पिंप्राळ्याला घर बांधून राहतो. तिघांत आवाज माझा मोठा, पण घरात चालतो आबाचा.

आबाचा आवाज सगळ्यांत जास्त चालतो तो कानबाईच्या दिवशी. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई, आम्हां खानदेशातल्यांची कुळदेवी, बसते. घरातल्या प्रत्येक माणसाच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायचे, त्यात हरभऱ्याची डाळ घालायची, घरीच दळायचं, आणि त्या पिठाचे रोट करायचे. हे रोट फक्त भाऊबंदांनी खायचे. परक्याला कुसकरही द्यायचा नाही. सुना खातात, कारण त्या लग्न होऊन कुळात आल्या. मुली लग्नापर्यंत खातात, आणि डोक्यावर अक्षता पडल्या की त्या परक्या. माझं लग्न झालं त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात वच्छलावहिनी आबाची बायको होऊन आली. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्याच श्रावणात तिने माझ्यासमोर रोटाचं ताट पदराने झाकलं आणि अगदी गोड आवाजात सांगितलं, कोकिळाबाई, तुम्हांला चालत नाही. मी त्या घरात जन्मले, ती त्या घरात दीड वर्ष राहिली होती. पण देवाधर्माच्या गोष्टीत हिशेब विचारायचा नसतो.

तर त्या दिवशी सगळे रोटांना बसले की आबा पहिला घास हातात धरून पूर्वजांची नावं घेतो. आमच्या गावाकडच्या बोलीत, एकेकाचं नाव, तो कुठे गेला, कसा गेला, आणि प्रत्येकाच्या शेवटी एकच वाक्य, "हातरून लागनं नही." म्हणजे अंथरूण लागलं नाही. सगळे माना डोलावतात. मी स्वयंपाकघराच्या दारातून ऐकते.

या नावांत बाईचं नाव कधी आलं नाही. आमच्या बायका मरत नव्हत्या असं नाही. वडिलांची बहीण गेंदा, आमची फुई, सातपुड्याच्या पायथ्याला चोपड्याकडच्या एका खेड्यात दिलेली. पंचेचाळिशीची असेल. सकाळी विहिरीवर गेली, कळशी भरून काठावर ठेवली, आणि पडली ती आत. दोन बायांनी पाहिलं. पुरुष उभ्या उभ्या गेला की पुण्य लागतं. बाई उभ्या उभ्या गेली, आणि तीही विहिरीपाशी, की लोकांना कारण लागतं. तिच्या सासरचे म्हणाले, माहेरच्यांनी कान भरले. आमचे म्हणाले, सासुरवास. मग कुणीतरी गावातल्या एका माणसाचं नाव तिच्या नावाला जोडून दिलं, आणि ते दोन्हीकडच्यांना सोयीचं पडलं. मी तेव्हा डी.एड.ला होते. वडिलांनी बहिणीचं नाव घरात घ्यायचं बंद केलं. ज्या आबाला फुईने कडेवर वाढवलं, तो तिच्या मयताला जाऊन आला आणि ओट्यावर पाय धुता धुता म्हणाला, तिचा विषय पुन्हा काढायचा नाही. तो कुणी काढलाही नाही. मीही नाही.

अशी ही पुण्यवान परंपरा मोडली ती प्रेमराजने. भुसावळला रेल्वेतल्या एका मित्राचा निरोपसमारंभ होता. प्रेमराज हार घेऊन उठला आणि हारासकट आडवा झाला. पण तिथे रेल्वेचीच एक परिचारिका बसलेली होती. तिने त्याची छाती दाबायला सुरुवात केली ती दवाखान्याची गाडी येईपर्यंत थांबली नाही. बोरश्यांच्या घरात पडलेला माणूस पहिल्यांदाच परत उठला.

आबा त्याला बघायला गेला, पण चेहरा बघून वाटावं की धाकट्याने परीक्षेला बसून पेपर कोरा दिलाय. हे मी बघितलंय, सांगोवांगी नाही.

जळगावात प्रेमराजला तपासलं ते डॉक्टर भूमिका या बाईंनी. वयाने माझ्या मुलीएवढ्या, बोलायला स्पष्ट. त्यांनी सांगितलं की प्रेमराजच्या हृदयाचा स्नायू जाड झालाय. ते ऐकून आबाची कळी खुलली. जाड म्हणजे मजबूत, बोरश्यांचं काळीज पहिल्यापासून मोठंच, असं तो डॉक्टरांनाच सांगायला लागला. डॉक्टरबाई म्हणाल्या, जाड आहे म्हणून ताठ आहे, आणि ताठ आहे म्हणून कधी त्याचा ठोका एकाएकी बहकतो. हे जन्मतः रक्तात येतं, पण पुष्कळदा साठीपर्यंत पत्ता लागू देत नाही. तोवर माणूस नांगर धरतो, पोती उचलतो, आणि एक दिवस उभ्या उभ्या पडतो. त्यांनी प्रेमराजचं रक्त पुढे जनुकांच्या तपासणीला पाठवलं आणि दीड महिन्याने नेमकं कुठलं जनुक बिघडलंय ते सापडलं. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक बापाकडची. एक बिघडलेली असली की प्रत्येक लेकराला ती मिळायची शक्यता अर्धी, छापा-काटा. म्हणून प्रेमराजची मुलं आणि सगळी भावंडं तपासा, भाऊ आणि बहिणी दोन्ही. हे जनुक मुलगा-मुलगी बघत नाही. एवढं सगळं त्यांनी साध्या मराठीत सांगितलं. साध्या मराठीत सांगितलेलं आमच्या घरात कुणाला पटत नाही.

आबाने आधी सांगून टाकलं, "आमना रगतमा खोट नही." मग असेलच तर ती आईकडून आली असेल, असं ठरलं. आईच्या माहेरी मामा नव्वदीपर्यंत बिडी ओढत जगला होता, त्यामुळे ते टिकलं नाही. मग प्रेमराजच्या बायकोवर संशय आला. तिच्या माहेरचं जनुक तिच्या नवऱ्यात कसं शिरेल, असं मी फोनवर विचारलं. आबा म्हणाला, तुला शाळेतलं कळतं, घरातलं नाही.

हा तिढा सोडवला आबाच्या मुलाने, समाधानने. त्याचं धरणगावात बी-बियाण्यांचं दुकान आहे, त्यामुळे बीज या विषयात घरात शेवटचा शब्द त्याचा. तो म्हणाला, आबा, तुम्ही उलटं बघताय. आजोबा, पणजोबा सगळे ज्यामुळे उभ्या उभ्या गेले, ते हेच. ही खोट नव्हे, ही आपली ओळख. शास्त्राने आपल्या घराण्याला मान्यता दिली. आबाला हे एका क्षणात पटलं. जो आजार होता तो दुपारपर्यंत वारसा झाला. धरणगावात फ्लेक्स लागायला निमित्त लागत नाही, इथे तर चांगलं भक्कम होतं. चौकात फ्लेक्स लागला, बोरसे परिवाराचा भव्य रक्ततपासणी सोहळा, वर कानबाईचा फोटो, खाली आबाचा, कडेने सगळे पुतणे काळे चष्मे लावून.

सोहळा कानबाईच्या दिवशीच ठरला, कारण तेव्हा सगळं कुळ एका छताखाली असतं. डॉक्टरबाई म्हणत होत्या की आधी दवाखान्यात या, बोलू, मग रक्त देऊ. समाधानने त्यांना फोनवर सांगितलं, तुम्ही फक्त माणूस पाठवा, माणसं आम्ही उभी करतो.

मी आदल्या दिवशीच धुळ्याहून गेले होते. माहेरवाशिणीला रोट चालत नाहीत, पण रोटाचं पीठ मळलेलं चालतं. त्या सकाळी गच्चीवर वाळत टाकलेली डाळ आणायला निघाले तर जिन्यात दोनदा बसावं लागलं. डोळ्यांपुढे काळं आलं. असं मला दोन वर्षं होत होतं. वच्छलावहिनी म्हणाली, पित्त आहे. आमच्याकडे बाईला पित्त नाहीतर वय, यापलीकडचा आजार होत नाही.

जळगावहून लॅबचा माणूस आला, निंबा नावाचा, पन्नाशीचा, अमळनेरचा. ओसरीत टेबल मांडलं. आबाने स्वतः उभं राहून ओळ लावली, आणि ओळीचा नियम एकच, जो रोट खातो त्याने रक्त द्यायचं. पहिला आबा, मग समाधान, मग पुतणे. त्यांच्यामागे पदर खोचून वच्छलावहिनी, प्रेमराजची बायको आणि तीन धाकट्या सुना. निंबाने सुई काढता काढता विचारलं, या सगळ्या रक्ताच्या नात्यातल्या आहेत का? समाधान म्हणाला, रोट खातात. निंबाच्या घरीही कानबाई बसते. त्याने मान हलवली आणि वहिनीच्या दंडाला रबर बांधलं.

मी हात पुसत दारात आले. प्रेमराज खुर्चीवर बसला होता, तो हळूच म्हणाला, आबा, डॉक्टरबाईंनी बहिणीचंही सांगितलंय. आबाने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तेच मला जास्त लागलं. लहान मुलाला समजवावं तसं तो बोलला.

"कोकिळे, तू आते परक्या घरनी. तुन्हा रगतनं तुन्हा सासरना लोके देखतीन."

सहासष्ट वर्षांची बाई मी. तीस वर्षं वर्गात पोरांना गप्प केलं. आणि त्या दारात माझ्या तोंडातून एक शब्द निघाला नाही. मागून वहिनी म्हणाली, तेवढ्यात चहा टाका ना सगळ्यांना, रक्त दिलंय. मी आत गेले आणि चहा ठेवला. आलं इतकं ठेचलं की दोन पुतण्यांना ठसका लागला. तेवढंच माझ्या हातात होतं.

चार दिवसांनी डॉक्टरबाईंनी प्रेमराजला बोलावून घेतलं. त्यांच्यापुढे नळ्या होत्या आणि नळ्यांवरची नावं. त्यांनी विचारलं, सुना कशाला पाठवल्या? आणि बहीण कुठे आहे? प्रेमराजने त्यांना कानबाई, रोट, सव्वा मूठ, सगळं समजावलं. त्या आधी हसल्या म्हणे, आणि मग हसायच्या थांबल्या. पुढच्या आठवड्यात राखीपौर्णिमा होती. प्रेमराज धुळ्याला आला. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे. मी त्याला घ्यायला खाली गेले आणि वर चढताना पहिल्याच वळणावर पायरीवर बसले. तो माझ्या शेजारी बसला. त्याने माझ्या मनगटावर हात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही. राखी बांधून ओवाळल्यावर तो म्हणाला, यंदा ओवाळणीत साडी नाही, उद्या माझ्याबरोबर जळगावला यायचं.

माझे यजमान हिलालराव फार सज्जन माणूस. दोन वर्षं त्यांनी मला धाप लागताना पाहिलं आणि दोन वर्षं न चुकता ओव्याचं पाणी दिलं. ते म्हणाले, मीही येतो, ओवा बरोबर घेऊ का?

छातीवर थंडगार मलम लावून डॉक्टरबाईंनी पडद्यावर माझं हृदय दाखवलं. मधली भिंत जाड, प्रेमराजची होती तशीच. जनुकाचा निकाल यायला वेळ होता, पण त्यांच्या तोंडावरून मला कळलं. मुख्याध्यापिकेला चेहरे वाचता येतात. त्यांनी घरात एकाएकी कोण कोण गेलं ते विचारलं. मी आबासारखीच नावं घेतली, आजोबा वावरात, चुलते ग्रामसभेत, वडील काट्यावर.

"आणि बायका?" त्यांनी विचारलं.

"बायका सासरी गेल्या."

"सासरी जाऊन कशा गेल्या?"

हा प्रश्न मला कुणी कधी विचारला नव्हता, आणि मीही स्वतःला विचारला नव्हता. मी गेंदा फुईचं सांगितलं. आधी दबक्या आवाजात, जसं आमच्या घरात सांगतात तसं, त्या गावच्या माणसाच्या नावासकट. डॉक्टरबाईंना त्या माणसात रस नव्हता. तिचं वय किती, आधी कधी चक्कर यायची का, त्या वेळी ती काय करत होती, एवढंच त्या विचारत राहिल्या. मी म्हणाले, पाणी ओढत होती. एक कळशी भरून काठावर ठेवली होती, दुसरी ओढत होती.

त्या म्हणाल्या, "आज खात्रीने कुणीच सांगू शकणार नाही. पण तुमच्या घरातलं माणूस, या वयात, श्रम करता करता कोसळलं, तर मी आधी हृदयाचाच विचार करीन."

एक भरलेली, दुसरी ओढत असलेली. जीव द्यायला निघालेली बाई घरचं पाणी भरत बसत नाही, हे समजायला डॉक्टर लागत नव्हता. आम्हांला एवढी वर्षं समजलं नाही, कारण समजून घ्यायचंच नव्हतं. मी त्या दवाखान्यात सगळ्यांसमोर रडले. माझ्या आजाराचं मला काही वाटलं नाही. फुईचं वाटलं. तिच्या पोरींना आम्ही पुढे कधी लग्नाचं आवतणही दिलं नाही, त्याचं वाटलं. हिलालरावांना काय करावं सुचेना, त्यांनी ओव्याची पुडी पुढे केली.

मला गोळ्या सुरू झाल्या, आणि पुढे छातीत कातडीखाली एक छोटं यंत्र बसवलं. ठोका बहकला तर ते आतून झटका देतं. डॉक्टरबाईंनी माझ्या मुलांना तपासायला सांगितलं तेव्हा मी पहिला फोन मुलीला केला, शिरपूरला दिलेल्या सुनिताला. मुलाला नंतर.

मग निकाल आले. माझ्यात ते जनुक होतं. सुना साहजिकच सगळ्या निर्दोष निघाल्या, आणि वच्छलावहिनीने तो कागद देवघरात ठेवून कानबाईच्या कृपेचे साखर-फुटाणे वाटले. खरी गंमत पुढे होती. आबाचा निकाल कोरा आला. आबात ते जनुक नव्हतंच. आणि आबात नाही म्हणजे समाधानमध्येही नाही.

सोहळा करून, फ्लेक्स लावून, चौकात काळे चष्मे घालून, शेवटी वारसा गेला तो धाकट्याला आणि परक्या घरच्या पोरीला.

आबाने आधी लॅबला शिव्या घातल्या. मग जळगावला जाऊन डॉक्टरबाईंसमोर बसला. प्रेमराज बरोबर होता, त्याने मला सांगितलं. आबाने विचारलं, म्हणजे मी बोरसे नाही का? त्या म्हणाल्या, आबा, तुम्ही बोरसेच आहात, तुमच्या वाट्याला चांगली प्रत आली, छापा पडला. आबा म्हणाला, "मंग माले हातरून लागी?" त्या म्हणाल्या, तसं सांगता येत नाही, पण या आजाराने तुम्ही जाणार नाही, पुष्कळ जगाल. आबाच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकी चांगली बातमी ऐकून रडलेला माणूस आपण पहिल्यांदाच पाहिला, असं डॉक्टरबाई म्हणाल्या.

त्यानंतर आबा बदलला. सकाळी फिरायला जायला लागला, गुळाचा चहा सोडला, सुनांशी गोड बोलायला लागला. अंथरूण लागणार तर ते निदान नीट झटकून मिळावं, एवढी अक्कल बोरश्यांना आहे. फ्लेक्स समाधानने गोठ्यावर टाकला, अजून आबाचं तोंड म्हशीकडे आहे. पण माझी चौकशी आबाने केली नाही. यंत्र बसवलं तेव्हा आला नाही. दिवाळीला मी गेले नाही, त्याने बोलावलंही नाही.

उन्हाळ्यात एका दुपारी त्याचा फोन आला. खुशाली नाही, काही नाही. विचारलं, डॉक्टरीण गेंदा फुईबद्दल काय म्हणाली? प्रेमराजने त्याच्या कानावर घातलं असणार. मी सगळं सांगितलं. भरलेली कळशी सांगितली. दुसरी ओढत होती तेही सांगितलं. मला वाटलं फोन कटला, पण पंख्याची घरघर ऐकू येत होती. मग त्याने फोन ठेवला. मला त्याचा इतका राग आला की यंत्र झटका देतंय की काय असं वाटलं.

यंदा श्रावणात कानबाई आली तेव्हा हिलालराव म्हणाले, नको जाऊस, उगाच त्रास. मी म्हणाले, त्रास द्यायलाच जातेय.

या वेळी मी स्वयंपाकघरात गेले नाही. पीठ मळलं नाही, डाळ आणायला जिना चढले नाही. दुपारी ओसरीत पानं मांडली, भाऊबंद बसायला लागले, तशी मी एक पाट ओढला आणि आबाच्या समोर बसले. समाधान म्हणाला, फुई, तुमचं ताट आत वाढलंय, पुरणपोळी आहे. मी म्हणाले, मला पुरणपोळी नको. वच्छलावहिनी रोटांची परात घेऊन ओळीने वाढत आली, माझ्यापाशी थांबली आणि तिचा हात सवयीने पदराकडे गेला. प्रेमराजने मान खाली घातली होती, भीतीने की हसू दाबायला, मला माहीत नाही.

शहरात राहून माझी गावची बोली कमी झालीय. पण त्या दिवशी ती आपोआप आली.

"आबा, ते तुन्हामा नही, मन्हामा शे. आते तूच सांग, हाऊ रोट कोनी खावाना?"

आबाने मान वर केली नाही. तो इतका म्हातारा झालाय हे मला तेव्हा दिसलं. हात पानाशेजारी नुसता पडून होता. आपला नियम आपल्यावरच उलटला की माणूस ओरडतो किंवा उठून जातो. मी दोन्हींची तयारी करून बसले होते, उत्तरं पाठ करून आले होते.

"वाढ तिले," आबा म्हणाला.

वहिनीने वाढलं. लग्नानंतर पहिल्यांदा माझ्या पानात माहेरचा रोट आला. मी त्याला हात लावला नाही, कारण आधी नावं घ्यायची असतात. आबाने घास उचलला. आजोबांचं नाव घेतलं, कपाशीचं वावर, डोक्यावर पागोटं, हातरून लागनं नही. चुलत्यांचं घेतलं. वडिलांचं घेतलं, जिनिंगचा काटा, हातरून लागनं नही. वडिलांनंतर नावं संपतात. सगळ्यांनी घास तोंडाकडे नेले.

आबाने नेला नाही. घास तसाच धरून तो समोर बघत होता, माझ्याकडे नाही, माझ्या मागच्या दाराकडे. मग पुन्हा बोलायला लागला. आवाज नेहमीचा नव्हता.

"गेंदा फुई. इहिरवर पानी काढता काढता पडनी. तिलेबी हातरून लागनं नही."

ओसरीतल्या धाकट्या सुनांना हे नाव कोणाचं तेच माहीत नव्हतं. त्यांनी इतरांचं बघून माना डोलावल्या. मी घास तोंडात घातला, पण तो गिळवेना. शेवटी आबानेच आपला पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला.